शालेय साहित्य देताना, घेताना, वाटताना आलेले अनुभव लिहा

मुलीची शाळा संपली आणि मागच्या महिन्यात मी कपाट आवरायला काढलं. अर्ध्या वापरलेल्या वह्या, तीन कंपासपेट्या, न उघडलेले स्केचपेन, दोन धडधाकट दप्तरं, असं खोकंभर निघालं. टाकवेना. म्हटलं एखाद्या गरजू शाळेत देऊन येऊ, आणि नुसतं जुनंच कसं द्यायचं म्हणून ६० नव्या कोऱ्या वह्या पण घेतल्या, चांगल्या जाड, २०० पानी.

शाळेत बाईंनी खोकं उघडलं, एकेक वस्तू हातात घेऊन बघितली, मनापासून आभार मानले, मुलांना बोलावून दाखवलं. मी निघाले तशा फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण पुढच्या वेळी आणल्यात तर दुरेघी आणाल का? माझ्याकडे पहिली-दुसरीच आहे. एकरेघीत यांची अक्षरं बसत नाहीत हो अजून."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. वह्या घेताना मी कव्हरवरची चित्रं बघितली, कागद बोटाने चाचपून बघितला, पण पोरं कितवीत आहेत हे काही विचारलं नाही, एका फोनचं काम होतं. वह्या वाया नाही गेल्या, बाईंनी वरच्या वर्गांना दिल्या, पण त्यांच्या पहिलीतल्या पोरांना मी काही दिलं नाही ते नाहीच.

म्हणून हा धागा. ज्यांनी दिलंय त्यांनी लिहा, ज्यांनी वाटलंय त्यांनी लिहा, आणि शिक्षक असाल तर नक्की लिहा, कारण तुमचं आमच्यापर्यंत पोचतच नाही, तुम्ही "छान छान" म्हणून मोकळे होता. काय उपयोगी पडलं, काय पडून राहिलं, काय करायला नको होतं, सगळं सांगा. लहानपणी कुणाकडून मिळालेलं असेल आणि लिहावंसं वाटत असेल तर तेही लिहा.

*

मी प्राथमिकला शिकवते, २२ वर्षं झाली. हे कुणी विचारावं असं फार दिवस मनात होतं त्यामुळे लांबड लागणार, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सगळं साहित्य येतं ते शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात. तेव्हा येतं की ठेवायला जागा नसते, एकेका मुलाकडे दोन दोन दप्तरं होतात. आणि मग चौथ्या-पाचव्या महिन्यात वह्या भरलेल्या, पेन्सिली संपलेल्या, खोडरबर हरवलेले, आणि तेव्हा कोणी म्हणजे कोणी येत नाही. वर्षाचा दुसरा अर्धा भाग आमचा कोरडाच जातो. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याची पेन्सिल झिजून झिजून माझ्या करंगळीच्या पेराएवढी राहिलेली, मग त्याने जुन्या पेनाचं टोपण मागून खोचलं आणि ते निसटू नये म्हणून वरून दोरा गुंडाळला. इतकं घट्ट आणि एकसारखं गुंडाळलेलं की मी ती पेन्सिल हातात घेऊन बघत बसले. म्हटलं नवी देते, तर म्हणाला, "बाई, ही अजून लिहिते की." तो असं म्हणाला कारण त्याला माहीत होतं कपाटात चारच उरल्यात, तोच कपाट लावायला मदत करायचा.

दुसरं, दप्तर दिसतं मोठं, फोटोत छान येतं, म्हणून सगळे दप्तर देतात. संपणाऱ्या वस्तू कोणी देत नाही. पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, खडू, डिंक, चिकटपट्टी, कार्डशीट, स्टेपलरच्या पिना. एक चांगलं दप्तर तीन वर्षं जातं, पण डिंकाची बाटली वर्गात १५ दिवस टिकत नाही. आणि शिक्षकाचं सामान तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या टेबलाच्या खणात जे आहे ते बहुतेक माझ्या पगारातलं आहे, माझ्या ओळखीच्या प्रत्येक शिक्षकाचं असंच आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही कारण मुलांसाठी मागणं सोपं असतं, स्वतःसाठी काय मागायचं. एकदा एका आजोबांनी मला विचारलं, "मुलांचं राहू द्या, तुम्हाला शिकवायला काय लागतं?" मला पटकन उत्तरच देता येईना. मग म्हटलं, एक मोठी धारदार कात्री. दुसऱ्या दिवशी घेऊन आले. नऊ वर्षं झाली, अजून तीच वापरते.

तिसरं सांगू की नको असं होतंय पण सांगतेच. एकदा एक गट आला होता. चांगली माणसं, सामानही चांगलं. पण मुलांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाने वही छातीशी धरायची, देणाऱ्याने एक हात वहीवर ठेवायचा, मग फोटो. ४० मुलांचे ४० फोटो. माझी एक मुलगी रांगेतून निघून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. तिला काही म्हटलं नाही. संध्याकाळी तिची वही तिच्या बाकात ठेवली. त्या दिवसापासून माझ्या वर्गात सामाईक डबा आहे. जे येईल ते डब्यात जातं, ज्याला लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. कुणाचं विकतचं, कुणाचं मिळालेलं, काही कळत नाही. पहिले आठ दिवस पोरांनी मूठ मूठ भरून पेन्सिली नेल्या, मी गप्प बसले, मग डबा रोज भरलेला दिसायला लागला तशा नेलेल्या पण परत आल्या.

*

बाई, टाकीमागच्या मुलीचं वाचून गलबलून आलं.

*

आमच्या ऑफिसने एका शाळेला पाच खोकी मार्कर दिले. पांढऱ्या बोर्डाचे. शाळेत काळा फळा. पत्र, कार्यक्रम, सगळं झालं आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि खरेदी मीच केली होती. मुख्याध्यापकांनी दोन महिन्यांनी फोन करून विचारलं, बदलून मिळतील का. मिळाले नाहीत. मग आम्ही वर्गणी काढून चार पांढरे बोर्ड दिले. बरं झालं त्यांनी विचारलं, नाहीतर ते मार्कर वाळून गेले असते आणि आम्ही समाधानात राहिलो असतो.

*

मी आयुष्यभर वह्या-कागदाच्या धंद्यात होतो, आता मुलगा बघतो. संस्था, मंडळं, कंपन्या सगळे येतात घाऊक खरेदीला आणि पहिला प्रश्न एकच, "स्वस्तात स्वस्त कुठली?" त्यामागे भावना चांगली असते की तेवढ्या पैशात जास्त मुलांना मिळावं. पण कागदाचं वजन बघा. जीएसएम म्हणतात ते म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ५० च्या खालचा कागद असेल तर पेनची शाई मागे उमटते, मग मूल पानाच्या एकाच बाजूला लिहितं आणि २०० पानी वही १०० पानांचीच होते. खोडरबर दोनदा फिरवला तर भोक. ६० च्या आसपासचा कागद घ्या, वह्या थोड्या कमी आल्या तरी चालतील. शिवण बघा, नुसती पिन मारलेली जाड वही मधली पानं सोडते, लहान मुलांची तर पहिल्या महिन्यातच.

पेन्सिलीत शिसं नसतं हे आता बहुतेकांना माहीत आहे, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तेवढी मऊ आणि काळी. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी. नुकतं लिहायला लागलेल्या मुलाच्या हातात जोर नसतो, त्याला कडक पेन्सिल दिली तर ते दाबून लिहितं, बोटं दुखतात, टोक मोडतं. एचबी द्या नाहीतर टूबी द्या. आणि स्वस्त पेन्सिलीत आतली कांडी आधीच तुकडे झालेली असते, टोक काढलं की गळून पडतं, परत काढलं की परत, अर्धी पेन्सिल शार्पनरमध्येच जाते. घेण्याआधी डब्यातल्या कुठल्याही दोन काढून टोक करून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही.

स्केचपेन आणि गोंदाच्या कांड्या जुन्या साठ्यातल्या घेऊ नका, वाळलेल्या निघतात. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी कात्री मिळते, पात्यांची ठेवण उलटी असते. वर्गात दोन-तीन तरी डावखुरी असतातच आणि त्यांचं कापलेलं वेडंवाकडं येतं म्हणून बोलणी खातात, दोष कात्रीचा असतो. हे मला एका गिऱ्हाईक बाईंनी शिकवलं, तोपर्यंत ३० वर्षं धंदा करून मला माहीत नव्हतं.

*

मी घेणाऱ्यांतला. थोडं विस्कळीत होईल.

दोन आठवणी आहेत. पाचवीत असताना आम्हा निवडक मुलांना वह्या मिळाल्या. कव्हरवर देणाऱ्यांचं नाव मोठ्या लाल अक्षरात छापलेलं, आणि खाली "गरीब व होतकरू विद्यार्थ्यांसाठी" असं. मला आठवतं मी त्या वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. मग पावसात भिजून ते फाटलं तर दुसरं घातलं, तेही फाटलं तर तिसरं. वर्गात बाकीच्या कोणाच्या वहीला कव्हर नव्हतं त्यामुळे उलट सगळ्यांना कळायचंच कुणाला मिळालीय. वही चांगली होती. तिचा कागद मला आजही आठवतो, गुळगुळीत. पण बाकावर ठेवताना मी ती कायम पालथी ठेवायचो.

दुसरी आठवण सातवीतली. भूमिती सुरू झाली आणि माझ्याकडे कंपासपेटी नव्हती. शेजारच्याकडून कर्कटक मागायचो, तो द्यायचा पण त्याचं झाल्यावर, तोवर सर पुढच्या आकृतीवर गेलेले असायचे. एक दिवस सरांनी वर्ग सुटल्यावर थांबवलं. म्हणाले, "ही पेटी माझ्या मुलाची, तो पुढे गेला, घरात पडून गंजतेय. तू वापरलीस तर चालती राहील." बस एवढंच. पेटी पत्र्याची, झाकणाच्या आतल्या बाजूला त्या मुलाने टोकदार कशाने तरी स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. आत कोनमापक, दोन गुण्या, कर्कटक, आणि एक पट्टी, तिचे सुरुवातीचे दोन सेंटिमीटर पुसले गेलेले, त्यामुळे मी सगळं तीनपासून मोजायचो आणि तीन वजा करायचो. पुढे नोकरीत ड्रॉइंग करायला लागलो तेव्हासुद्धा कितीतरी दिवस हात आपोआप तीनवर जायचा.

सर खरं बोलत होते की मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यांना मुलगा होता एवढं नक्की. ती पेटी मी शाळा संपल्यावर सरांना परत करायला गेलो तर म्हणाले, "आता खालच्या वर्गात बघ कुणाला लागतेय." मी एका मुलीला दिली, आणि झाकणात त्या अक्षराशेजारी माझं अक्षर कोरलेलं होतं. कर्कटक तेवढं ठेवून घेतलं, तिला नवीन आणून दिलं. जुनं अजून माझ्या टेबलावर आहे.

वर बाईंनी सामाईक डब्याबद्दल लिहिलंय, बाई, तुम्ही काय करताय हे तुम्हाला माहीत असेलच पण तरी सांगतो, पाचवीतल्या मला तो डबा हवा होता.

*

हे वाचून आमच्या गटाचं ठरलं, यावर्षी वह्यांवर नाव छापायचं नाही. तसा ठराव करायला आज बैठक लावतोय.

*

फोटोंबद्दल दुसरी बाजू पण मांडते, राग मानू नका. मी एका छोट्या गटाचं काम बघते. पैसे देणारे लोक पुरावा मागतात आणि ते चूक नाहीये, पैसे कुठे गेले हे विचारायचा त्यांना हक्क आहे, फसवणूक होते हेही खरं आहे. आम्हीही आधी मुलांचेच फोटो पाठवायचो कारण त्यालाच प्रतिसाद यायचा. आता काय करतो, सामान शाळेच्या कपाटात लावलं की कपाटाचा फोटो, शाळेच्या शिक्क्याची पोच, बिलं, आणि तीन महिन्यांनी शिक्षकांकडून दोन ओळी, की काय संपलं, काय उरलं. मुलांचा चेहरा नाही. पहिल्या वर्षी देणगी कमी झाली हे खरं आहे. दुसऱ्या वर्षी जे राहिले त्यांनी मात्र दर महिन्याला थोडं थोडं द्यायला सुरुवात केली, आणि वरच्या बाई म्हणतात तसं वर्षाच्या मधेही पुरवठा करता यायला लागला. त्या "काय उरलं" वाल्या ओळीने तर आमची खरेदीच बदलली. दोन शाळांनी कळवलं की चौकटीच्या वह्या तशाच पडून आहेत, तेव्हापासून सरसकट संच बांधणं बंद केलं.

*

जुन्या पुस्तकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वाचनालयाला आम्ही सोसायटीतून ३०० च्या वर पुस्तकं गोळा करून दिली. त्यात जुने ज्ञानकोश, नकाशासंग्रह, विज्ञानाची पुस्तकं. एका मुलीने त्यातून वाचून उत्तर लिहिलं की ग्रह नऊ आहेत आणि चूक आलं. ती पुस्तक घेऊन भांडायला गेली सरांकडे, "यात छापलंय!" प्लूटोला २४ ऑगस्ट २००६ ला बटुग्रह ठरवलं, पुस्तक त्याआधीचं. नकाशात दक्षिण सुदान नव्हता, तो देश ९ जुलै २०११ ला झाला. घरी दुसरं पुस्तक असतं तर तिने ताडून बघितलं असतं, इथे तिच्यासाठी तेच एक पुस्तक होतं. आता आम्ही विज्ञान आणि भूगोलाची पुस्तकं छापल्याचं वर्ष बघून घेतो. गोष्टीची पुस्तकं कितीही जुनी चालतात, फक्त शेवटची पानं जागेवर आहेत ना ते बघावं. शेवट नसलेली गोष्ट देणं फार वाईट, आम्ही दिलीय, त्या पोराने येऊन विचारलं पुढे काय झालं, आणि मला माहीत नव्हतं.

*

पूर येऊन गेल्यावर मी स्वयंसेवक म्हणून एका निवारा छावणीत होते, सहा आठवडे. शाळा पाण्यात गेलेली, वह्या-पुस्तकांचा लगदा झालेला. बाहेरून ट्रक यायचे. दप्तरं आली शंभराने, आत काहीच नाही. रंगपेट्या आल्या, कागद नाही. एका खोक्यात नुसते पुठ्ठ्याचे वाढदिवसाचे मुकुट निघाले. आम्ही चार जणी रात्री बसून वर्गीकरण करायचो आणि निम्मा वेळ त्यातच जायचा, तो वेळ मुलांजवळ जायला हवा होता.

मग मी शोधायला लागले की असं सामान नीट कसं पाठवतात, तेव्हा युनिसेफच्या 'स्कूल इन अ बॉक्स' पेटीबद्दल वाचलं. एक कुलपाची अ‍ॅल्युमिनियमची पेटी, एक शिक्षक आणि ४० मुलं एवढा हिशोब. वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्र्या, खडू, मोजायला प्लास्टिकचे ठोकळे, शिकवायचं लाकडी घड्याळ, पाढ्यांचा तक्ता. काळा रंग आणि ब्रश पण असतो, तो पेटीच्या झाकणाला लावला की झाकणाचाच फळा. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे वह्यांना समास नसतो, कारण काही मुलं डावीकडून लिहितात आणि काही उजवीकडून, वही दोघांना चालली पाहिजे. समासाच्या रेघेचा एवढा विचार कुणीतरी बसून केलाय. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते वाचून, तेव्हा मी थकलेली पण होते.

आम्ही आमच्यापुरती तशीच पेटी बांधली, २० मुलांची. एका दाराची फळी काळी रंगवून फळा केला. दुसऱ्या दिवशी झाडाखाली वर्ग भरला. तिथल्याच शाळेच्या बाई, त्यांचं स्वतःचं घर गेलेलं, त्या आल्या आणि खडू हातात घेऊन आधी तारीख लिहिली, वार लिहिला, मग कोपऱ्यात हजर मुलांची संख्या. मुलं एकदम शांत झाली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिथे असा आवाज आला, म्हणजे पाढ्यांचा.

*

बाईंनी आधी तारीख लिहिली, हे मला पूर्ण कळलं. मी पण तेच केलं असतं. (मी वरची २२ वर्षंवाली.)

*

अंध मुलांच्या शाळेत मी शनिवारी जातो, त्यांच्या साहित्याबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते म्हणून लिहितोय. लोक प्रेमाने वह्या-पेनं घेऊन येतात आणि दारात आल्यावर स्वतःच थबकतात. ब्रेल लिहायला लागते पाटी आणि स्टायलस. पाटी म्हणजे बिजागरीची पट्टी, तिच्यात कागद अडकवायचा आणि खिडक्यांमधून स्टायलसने टोचायचं. सहा टिंबांची जुळणी. टोचलेलं मागच्या बाजूला उठतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि वाचायला कागद उलटायचा. साधा वहीचा कागद फाटतो, टिंब बोटाखाली दबून जातात, जाड कागद लागतो. तुमच्या घरातल्या जुन्या कॅलेंडरची जाड गुळगुळीत पानं सरावाला फार उपयोगी पडतात, गुंडाळी न करता सपाट ठेवून द्या.

लुई ब्रेलने ही लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली, वय २० होतं. त्याचा डोळा गेला होता तो वडिलांच्या कामाच्या जागी टोच्याने. आणि लिपी लिहितात ती पण टोच्यासारख्याच हत्याराने. हे मी तिथल्या एका मुलाला सांगितलं तर तो बराच वेळ स्टायलसचं टोक अंगठ्यावर टेकवून बसला, मग म्हणाला, "माझं बोथट झालंय दादा, नवीन आणा."

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी ठळक, जाड रेघांच्या वह्या मिळतात. मिळाल्या नाहीत तर साध्या कागदावर काळ्या मार्करने पट्टीने रेघा मारून द्या, एका संध्याकाळी घरातले तिघं बसले तर ५० पानं सहज होतात.

*

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही जुने फोन आणि टॅबलेट गोळा केले. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार तेव्हा १९० च्या वर देशांत मिळून जवळजवळ १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा थांबली होती, त्यात आमचे ३२ फोन म्हणजे काहीच नाही, पण त्या ३२ घरांत शाळा आली. चुका सांगतो. चार्जर न तपासता दिले, सहा फोन आठवड्यात बंद. इंटरनेटचे पैसे कोण भरणार याचा विचार नाही केला. आधीच्या मालकाचे फोटो, मेसेज पुसलेत का ते बघितलं नाही, एका मुलाने स्वतः येऊन सांगितलं की काका यात कुणाचे तरी घरचे फोटो आहेत, मी बघितले नाहीत, तुम्ही काढून द्या. आठवीतलं पोर. आता द्यायचा फोन आधी पूर्ण पुसतो, बॅटरी दिवसभर वापरून बघतो, मगच.

*

परत मीच, २२ वर्षंवाली. दोन वस्तू राहिल्या, त्या कोणी शालेय साहित्यात धरत नाही. एक चष्मा. माझ्या वर्गातली एक मुलगी "लक्ष नाही" म्हणून तीन वर्षं मागे बसवलेली. मी पुढे बसवली तर फळ्यावरचं सगळं उतरवायला लागली. डोळे तपासले, नंबर निघाला. चष्मा लावून खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "बाई, झाडाला पानं सुटी सुटी असतात?" कोणाला काही द्यायचं असेल तर एखाद्या शाळेत डोळ्यांच्या तपासणीचा एक दिवस आणि चष्मे द्या. कृपा करून घरातले जुने चष्मे नुसते गोळा करून पाठवू नका, नंबर प्रत्येकाचा वेगळा.

दुसरी वस्तू सॅनिटरी पॅड. ते चार दिवस मुली घरी राहतात, गणिताचा एक अख्खा भाग निघून जातो, मग परत आल्यावर काही कळत नाही आणि विचारायची लाज. पॅडबरोबर अंतर्वस्त्रं, साबण आणि कचऱ्याची झाकणाची बादली पण लागते, हे देणाऱ्यांच्या यादीत कधीच नसतं. बाईंच्या कपाटात ठेवा, मागायला न लावता घेता येतील असं. मी कपाटाच्या खालच्या खणाचं कुलूपच काढून टाकलंय.

*

धागाकर्ती. सगळ्यांचं दोनदा वाचून काढलं. शनिवारी परत त्या शाळेत गेले, रिकाम्या हाताने, मुद्दाम. बाईंना म्हटलं, काही आणलं नाही, यादी न्यायला आलेय, तुमच्या सामानाची पण, लाजू नका. त्यांनी दोन दिवस मागितले. काल यादी आली, पाठकोऱ्या कागदावर. दुरेघी वह्या ४०, आत्ता २० आणि चार महिन्यांनी २०. टूबी पेन्सिली. शार्पनर चांगले, दोनच चालतील पण चांगले. भिंतीचं घड्याळ सेलसकट. झाकणाचा मोठा डबा एक (त्यांना सामाईक डब्याचं सांगितलं होतं, लगेच उचललं). मोठी कात्री, डावखुरी लहान कात्री एक, पुढे कंसात "दोन मुलं आहेत पण आलटून पालटून करतील". म्हटलं कशाला आलटून पालटून, दोन घेतल्या.

आणि अगदी खाली, वेगळ्या अक्षरात, ओळीच्या वर-खाली जाणारं, पेन्सिलीने लिहिलेलं: हिरवा खडू.

बाईंना फोन केला तर म्हणाल्या, अहो ते वर्गातल्या एकाने लिहिलंय, राहू द्या, पुसायचं राहिलं माझ्याकडून. त्याला फळ्यावर झाड काढायचंय आणि हिरवा कायम संपलेला असतो. रंगीत खडूंच्या डब्यात हिरवे दोनच असतात हो. मी सहा डबे घेतले, सगळ्यांतले हिरवे काढून त्यांची वेगळी पुडी बांधलीय आणि वर त्याच्यासाठी म्हणून काही लिहिलं नाहीये, नुसतं "हिरवा खडू, १२" एवढंच. परवा जातेय.